विश्लेषण : परभणीहून नाशिकच्या वायनरीत… दोन दिवसांच्या सहलीत नेमके काय चाखायचे?

शुक्रवारी रात्री परभणी स्थानकावर देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, पहाटे नाशिकरोडला उतरायचे, शनिवारी दोन वायनरी, रविवारी एक आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत. रेल्वेने हे अंतर साधारण ३६० किलोमीटर. पूर्वी या गाडीत नाशिकला जाणाऱ्यांच्या पिशवीत त्र्यंबकेश्वरच्या पूजेचे सामान किंवा वणीच्या देवीची ओटी असायची. आता त्याच डब्यात ‘वायनरी टूर’चे ऑनलाइन बुकिंग मोबाइलवर दाखवणारी तरुण मंडळीही दिसतात. घरी मात्र अजूनही ‘त्र्यंबकला जाऊन येतो’ असेच सांगितले जाते. त्यात खोटे फारसे नसते, कारण बहुतेक जण त्र्यंबकलाही जाऊन येतात.

परभणी जिल्ह्यात वायनरी नाही. सोयाबीन, कापूस, तूर, ऊस आणि रब्बीची ज्वारी हे इथले अर्थकारण. मग नाशिकच्या वाइनशी परभणीच्या वाचकाचा संबंध काय? संबंध तीन आहेत. पहिला खिशाचा, दुसरा शेतमालाच्या भावाचा आणि तिसरा गोदावरीच्या पाण्याचा. सहलीच्या रील्समध्ये यातला पहिलाच दिसतो, तोही अर्धा.

नाशिकच का, परभणी का नाही?

महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकमध्ये नव्हे, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात झाली. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे शातो इंदाज उभी केली आणि बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइन बाजारात आणली. नाशिकचे नाव झाले ते ‘सुला’मुळे. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेले राजीव सामंत १९९०च्या दशकात गंगापूर धरणाजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर परतले. १९९७ मध्ये त्यांनी सोव्हिन्यॉन ब्लांक आणि शेनिन ब्लांक या जातींच्या वेली लावल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वायनरी सुरू केली. कंपनीचे नाव आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून. २००५ मध्ये त्यांनी पाहुण्यांना वाइन चाखवणारी खोली उघडली. तोपर्यंत भारतात अशी सोय नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये हीच कंपनी शेअर बाजारात आली.

दरम्यान, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर, सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क जाहीर झाले. आज गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा, दिंडोरीकडे शँडॉन, इगतपुरीकडे संजेगावच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने अशी रांग आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रटेली आहे.

हवामानाचे कारण नेहमी पुढे केले जाते. द्राक्षाला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. तो मिळाला की साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे हे जमते. पण हिवाळ्यातल्या थंडीत परभणी काही मागे नाही. कृषी विद्यापीठाच्या केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी दर दोन-तीन वर्षांनी येतेच. खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, परभणीची काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते आणि वाइनच्या द्राक्षाला पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन मानवते. दुसरी अडचण बाजाराची. नाशिकपासून मुंबई जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. वाइन पिणारा, हॉटेल चालवणारा आणि शनिवार-रविवारी गाडी काढून येणारा ग्राहक तिथे आहे. वायनरी द्राक्षाइतकीच या ग्राहकावर उभी राहते.

मराठवाड्यात द्राक्षच होत नाही, असेही नाही. जालन्याजवळच्या कडवंचीने पाणलोटाची कामे आणि शेततळ्यांच्या बळावर द्राक्षाचे गाव म्हणून नाव कमावले. लातूर आणि धाराशिवमध्येही बागा आहेत. पण ती खाण्याची द्राक्षे. वाइनची वेगळी. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

वायनरीत गेल्यावर होते काय?

सहलीसाठी योग्य काळ जानेवारी ते मार्च. इतर वेळी गेलेल्यांची अनेकदा निराशा होते, कारण वेलीवर द्राक्ष नसते. महाराष्ट्रात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून शेतकरीच कात्रीने तिचे वेळापत्रक ठरवतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून चार-पाच महिन्यांत घड तयार होतात आणि काढणी सुरू होते. फेब्रुवारीत गेले तर क्रेट भरून येणारे ट्रॅक्टर, देठ वेगळे करणारे यंत्र आणि आंबण्याचा वास हे सगळे प्रत्यक्ष दिसते.

पहिला धक्का बागेतच बसतो. वाइनचे द्राक्ष खाऊन पाहिले तर ते बारीक, जाड सालीचे आणि बियांनी भरलेले असते. खाण्यासाठी आपण थॉमसन सीडलेस, सोनाका, शरद सीडलेस घेतो. वाइनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यॉन, शिराझ, शेनिन ब्लांक अशा जाती लागतात. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून साल जाड हवी आणि मणी लहान हवा. साखर मात्र या द्राक्षात खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त असते. काढणीच्या वेळी रसात २२ ते २४ टक्के. मोजण्याचे एकक ब्रिक्स. उसाच्या रसाला फडात हँड रिफ्रॅक्टोमीटर लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे यंत्र ओळखीचे वाटेल. तेच आहे.

पुढची प्रक्रिया दहावीच्या विज्ञानातली. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणून २३-२४ ब्रिक्सच्या रसाची कोरडी वाइन १३-१४ टक्क्यांच्या आसपास येते. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढतात, साल बाजूला करतात आणि १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवतात. लाल वाइन सालीसकट आणि जास्त तापमानात आंबते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर ३५ अंश असताना आतल्या स्टीलच्या टाक्या थंड ठेवायला वीज लागते. बाटलीच्या किमतीत विजेचा वाटा किती, हे मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत. विचारले तर सांगतात.

मग चाखणी. साधारणपणे पाच ते सहा वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटरच्या आसपास. क्रम ठरलेला असतो. आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल, शेवटी गोड. फिकटापासून गडदाकडे. उलट केले तर लाल वाइनचा तुरटपणा जिभेवर राहतो आणि पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास देठाला धरायचा, कारण हाताच्या उष्णतेने वाइन तापते. रंग पाहायचा, ग्लास फिरवायचा, नाक जवळ न्यायचे आणि छोटा घोट तोंडात घोळवायचा.

इथे पहिल्यांदा आलेल्यांची हमखास पंचाईत होते. मार्गदर्शक ‘पॅशनफ्रूट’, ‘लिची’, ‘ओक’, ‘ब्लॅकबेरी’ असे वास सांगतो. परभणीच्या माणसाने ब्लॅकबेरी कधी खाल्लेली नसते. मग सगळे माना डोलावतात. वास्तविक वासाचे नाव आठवणीतून येते आणि आठवणी प्रत्येकाच्या वेगळ्या. सोव्हिन्यॉन ब्लांकमध्ये कापलेल्या हिरव्या मिरचीचा किंवा कच्च्या पेरूचा वास येतो असे कुणी म्हटले तर ते चूक नाही. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते, ती तर आपल्या डब्यातलीच. जांभूळ, चिंच, ओली माती, गूळ हे शब्द वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याने आयुष्यभर गुऱ्हाळावर काकवीचा वास घेतला, त्याचे नाक मुंबईकराच्या नाकापेक्षा कमी तयार नसते. शब्द तेवढे दुसऱ्याचे दिलेले असतात.

टेबलावर एक रिकामे भांडेही असते. ते थुंकण्यासाठी. व्यावसायिक परीक्षक वाइन गिळत नाहीत. आपल्याकडे मात्र पैसे दिलेली वस्तू थुंकायची कशी, म्हणून ते भांडे संध्याकाळपर्यंत कोरडेच राहते.

‘थोडीशीच’ म्हणजे किती?

इथे थोडे गणित करायला हवे, कारण समृद्धी महामार्ग झाल्यापासून परभणीकर रेल्वेपेक्षा स्वतःच्या गाडीने निघू लागले आहेत. जालन्यापर्यंत यायचे आणि समृद्धी धरायचा.

पाच वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटर म्हणजे १५० मिलिलिटर. १२.५ टक्क्यांची वाइन धरली तर त्यात जवळपास १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. रक्तातले प्रमाण काढण्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ विडमार्क यांचे सूत्र वापरतात. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या बाबतीत ते १०० मिलिलिटर रक्तात ३५ मिलिग्रॅमच्या पुढे जाते. तेवढ्याच वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत त्याहून जास्त. पोट भरलेले असेल, वेळ गेला असेल तर आकडा खाली येतो, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे ‘फक्त टेस्टिंग केले’ असे म्हणणारा चालक कायद्याच्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे असू शकतो. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि शनिवारी दोन वायनरी हा तर बहुतेकांचा किमान बेत असतो. चालकाने प्यायचीच नाही किंवा नाशिकमध्ये टॅक्सी करायची, यात तडजोडीला जागा नाही.

राज्यात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, हेही अनेकांना वायनरीतच कळते. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजीवन हजार रुपये. वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे.

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य जानेवारी २०२२ मध्ये राज्यात खूप गाजले. शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय तेव्हाच्या मंत्रिमंडळाने घेतला होता. तो शेतकऱ्यांच्या हिताचा असल्याचे सांगण्यात आले. विरोधकांनी रान उठवले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकारच बदलले आणि निर्णय कागदावरच राहिला. या वादात दोन्ही बाजूंनी सोयीचे तेवढेच बोलले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने वाइनच्या एका ग्लासातले १५ ग्रॅम अल्कोहोल आणि ४५ मिलिलिटर व्हिस्कीतले अल्कोहोल जवळपास सारखेच. यकृताला बाटलीचे लेबल वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मद्याचे पूर्णपणे सुरक्षित असे प्रमाण नाही. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ असे सांगणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

दुसरीकडे, मराठवाड्यातल्या घरांचा संसार ज्या दारूने मोडला ती वाइन नाही. ती देशी आणि हातभट्टीची. गावोगावच्या महिलांनी ‘उभी बाटली की आडवी बाटली’ अशी मतदाने लढवली ती याच दारूच्या विरोधात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तरच दुकान बंद होते. ही अट पूर्ण करायला त्या बायकांना मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते. त्यामुळे वायनरीच्या हिरवळीवरच्या फोटोला परभणीतल्या एखाद्या मावशीने नाक मुरडले तर तिला मागासलेली ठरवण्याची घाई करू नये. तिने पाहिलेली बाटली वेगळी आहे.

हे सगळे दाखवतात कशासाठी?

वायनरीची सहल हा पाहुणचार वाटतो. तो असतोही. पण त्यामागे सरळ व्यवहार आहे. केबल टीव्हीच्या नियमांनुसार मद्याची जाहिरात करता येत नाही. म्हणून मद्य कंपन्या सोडा आणि संगीताच्या सीडीच्या नावाने जाहिराती करत आल्या. वायनरीकडे त्याहून चांगला मार्ग आहे. ग्राहकालाच जाहिरातीच्या आत बोलवायचे आणि त्याबद्दल त्याच्याकडून पैसेही घ्यायचे. तो स्वतःच फोटो काढतो, स्वतःच पसरवतो. शिवाय वायनरीत विकलेल्या बाटलीवर घाऊक विक्रेता आणि दुकानदाराचे कमिशन जात नाही. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये वायनरी बांधली तीच पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून. नाशिकने हा धडा गिरवला आणि चांगला गिरवला.

सरकारचाही यात हात आहे. राज्यात वाइनवर २० टक्के व्हॅट आहे आणि प्रोत्साहन योजनेतून त्यातले १६ टक्के वायनरीला परत मिळतात. म्हणजे नाशिकच्या हिरवळीवरच्या त्या ग्लासात परभणीच्या करदात्याचाही थेंबभर वाटा आहे. एवढ्या सवलतीच्या बदल्यात शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे विचारण्याचा हक्क त्यातून येतो.

शेतकऱ्याचे काय?

एका बाटलीत साधारण सव्वा किलो द्राक्ष जाते. सहलीला गेलेल्याने एवढे एक करावे. मार्गदर्शकाला कराराचा किलोचा भाव विचारावा आणि तो बाटलीच्या लेबलवरच्या किमतीशी ताडून पाहावा. फरक डोळ्यांत भरेल. त्यात टाक्या, थंडावा, काच, बूच, साठवण, कर आणि जोखीम असे बरेच काही आहे, त्यामुळे सगळा फरक नफा नव्हे. पण मूल्य शेतात तयार होते की शेतानंतर, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत मिळते.

करार शेतीत भाव आधी ठरतो, ही जमेची बाजू. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली गेलेला पाहून मोंढ्यातून परतणाऱ्याला ती मोठीच वाटेल. पण दुसरी बाजू नाशिकच्या शेतकऱ्यांनी सोसलेली आहे. २००१च्या धोरणानंतर वायनरी भराभर उभ्या राहिल्या आणि वाइनच्या द्राक्षाची लागवड वाढली. मग २००८ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला, पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय थंडावला. वाइनचा खप घसरला. देशातली त्या वेळची आघाडीची कंपनी असलेली शातो इंदाज आर्थिक गर्तेत गेली आणि पुढे बंद पडली. अनेक वायनरींनी द्राक्ष उचलायला नकार दिला किंवा पैसे थकवले.

आता वर उल्लेखलेला फरक आठवावा. खाण्याचे द्राक्ष निर्यातीला नाही गेले तर स्थानिक बाजारात जाते, तिथेही नाही तर बेदाणा होतो. वाइनचे बियाळ, बारीक द्राक्ष बाजारात कुणी घेत नाही. वायनरीने पाठ फिरवली की वेलीवरच वाळते. त्या काळात अनेकांनी चार-पाच वर्षे जपलेल्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षाकडे मोर्चा वळवला. एकच गिऱ्हाईक असलेले पीक लावणे म्हणजे काय, हे उसाच्या थकलेल्या बिलांमागे फिरणाऱ्या परभणीकराला समजावून सांगावे लागणार नाही. तरी उसाला दुसरा कारखाना असतो.

म्हणून ‘मराठवाड्यातही वायनरी काढा’ ही निवडणुकीच्या सभेत शोभणारी मागणी आहे, शेतकऱ्याच्या कामाची नाही.

आणि गोदावरी?

गंगापूर धरणाच्या काठच्या वायनरीत सूर्यास्त पाहायला गर्दी होते. समोर दिसणारे पाणी गोदावरीचे. हीच नदी पुढे जायकवाडीत अडते आणि तिथून डाव्या कालव्याने पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात येते. नदीच्या पात्राने गेलात तर गंगाखेडला, जनाबाईच्या गावी. ग्लास हातात धरून नाशिकला पाहिलेले पाणी आणि परभणीच्या शेतात कालव्याला सुटण्याची वाट पाहिलेले पाणी एकाच खोऱ्यातले आहे, ही गोष्ट कोणत्याही टूरमध्ये सांगितली जात नाही.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ मध्ये तशी वेळ आली. नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात गंगापूर समूहाचा वाटा होता अर्धा टीएमसी. त्यावर आंदोलने झाली, न्यायालयात धाव घेतली गेली. मराठवाड्याला हे पाणी हक्काचे असूनही उपकारासारखे मिळाले.

न्याय्य बोलायचे तर, या भांडणात वायनरी मुख्य आरोपी नाही. वाइनची द्राक्षे ठिबकवर वाढतात आणि चव दाट राहावी म्हणून त्यांना मुद्दाम कमी पाणी, कमी घड ठेवतात. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातलाच ऊस याहून कितीतरी अधिक तहानलेला आहे. मद्यउद्योग आणि पाणी हा प्रश्न मराठवाड्याने वेगळ्या रूपात पाहिला तो २०१६ मध्ये. लातूरला रेल्वेने पाणी नेले जात असताना तेव्हाच्या औरंगाबादमधले बिअर आणि मद्याचे कारखाने सुरू होते. शेवटी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात केली. तेव्हा जो प्रश्न विचारला गेला तो दुष्काळ सरल्यावर विसरला गेला. वायनरीच्या सहलीत तो पुन्हा विचारायला हवा. इथे पाणी कुठून येते, किती लागते, सांडपाणी कुठे जाते? चांगल्या वायनरी याची उत्तरे अभिमानाने देतात. न देणाऱ्याची बाटली घेतलीच पाहिजे असे नाही.

परभणीने काय उचलावे?

ज्या आठवड्यांत नाशिकला द्राक्षाची काढणी सुरू होते, त्याच्या थोडे आधी परभणीच्या शिवारात हुरडा तयार होतो. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणीस, हातावर चोळून निघालेले कोवळे दाणे, सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरे, दही. ही परभणीची चाखणी. आणि हिला ना परवाना लागतो ना टॅक्सी.

हुरड्याच्या पार्ट्या आता पैसे घेऊन होऊ लागल्या आहेत, हे चांगलेच. पण विकले काय जाते? ताट. माणशी अमुक रुपये, पोटभर हुरडा, बैलगाडीची फेरी, झोका. ज्वारीचा वाण कोणता हे पाहुण्याला कुणी सांगत नाही. कित्येकदा मालकालाही विचारावे लागते. नाशिकला तीच द्राक्षे, पण प्लॉटचे नाव, जातीचे नाव, काढणीचे वर्ष आणि करणाऱ्याचे नाव बाटलीवर छापलेले असते. तिथे पाच ग्लास ओळीने मांडून फरक दाखवतात. इथे गुळभेंडी, सुरती, कुचकुची आणि विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेला ‘परभणी वसंत’ अशी चार कणसे शेजारी शेजारी भाजून कुणी पाहुण्यांसमोर ठेवली आहेत का? गोडी कशात जास्त, दाणा कशाचा सहज सुटतो, चटणी कशाबरोबर जाते, हे सांगायला शहरातून मार्गदर्शक आणावा लागणार नाही. ते घरातल्या आजीला येते.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’, ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण तिथलेच. अन्नतंत्र महाविद्यालयही त्याच आवारात आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, त्याखाली शेतकऱ्याला केंद्राची नोंदणी करता येते. म्हणजे वाण आहे, शास्त्र आहे, धोरण आहे आणि हंगामही आहे. नाही ते एवढेच, की हे सगळे एका शेतात, एका शनिवारी, एका पाहुण्यासमोर कधी एकत्र आणले गेलेले नाही. नाशिकमध्येही ते आपोआप झाले नव्हते. चाखण्याची पहिली खोली उघडेपर्यंत वेली लावून आठ वर्षे गेली होती.

यात एक धोका आहे, तो नाशिकनेच दाखवला आहे. पर्यटन वाढले की पैसा जमिनीपेक्षा हॉटेलात जास्त जातो. रिसॉर्ट बांधणारा एक असतो आणि द्राक्ष पिकवणारे अनेक. हुरड्याच्या बाबतीत निदान सध्या तरी शेत आणि पाहुणचार एकाच घरचा आहे. बाहेरचा गुंतवणूकदार येऊन ‘हुरडा रिसॉर्ट’ काढण्याआधी चार शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केंद्र नोंदवले तर वाणाचे नाव आणि नफा दोन्ही गावात राहतील. विद्यापीठाच्या विस्तार विभागाने यासाठी वेगळी योजना मागण्याची गरज नाही. वाणांची ओळख करून देणारी एक पाटी आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण एवढ्याने सुरुवात होते.

तोवर नाशिकला जायचेच असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा. तपोवन एक्स्प्रेस दिवसा जाते, देवगिरी रात्री. आगाऊ नोंदणी करावी, शनिवारी दुपारची वेळ टाळावी, कारण त्या गर्दीत मार्गदर्शकाला प्रश्न विचारता येत नाहीत. आणि पाच ग्लासांनंतर कुठली वाइन आवडली असे विचारल्यावर ‘गोडवाली’ असे खरे उत्तर द्यायला लाजू नये. भारतात बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते, हे वायनरीवाल्यांनाही ठाऊक असते.